पेरू-बोलिव्हिया-चिली-अर्जेंटिना, सहा जणांचा ग्रुप, सगळं बसने. जमेल का?

पायपीट:
मंडळी, आम्ही सहा जण (सातवा अजून तळ्यात-मळ्यात) दोन महिने काढून दक्षिण अमेरिका करायचं म्हणतोय. लिमाला उतरायचं आणि तिथून पुढे विमान नाही, कुस्को, माचू पिक्चू, तितिकाका, ला पाझ, उयुनीचं मिठाचं मैदान, तिथून चिलीत आटाकामा, मग अर्जेंटिना आणि जमलंच तर खाली पॅटागोनिया, असा नकाशावर बोट फिरवून रूट काढलाय. कुठल्या महिन्यात जावं? सगळं आधी बुक करावं का? आणि पैशांचं कसं करता तुम्ही लोक, कारण आमच्यातला एक डॉर्ममध्ये कुठेही आडवा होतो आणि एकाला रोज गरम पाणी लागतं. दोघं पक्के शाकाहारी. टूर कंपनीबरोबर जा असं सांगू नका प्लीज.

वाटाड्या:
पॅटागोनिया काढा. राग मानू नका, पण तिथला चांगला सीझन डिसेंबर ते फेब्रुवारी आणि नेमका तेव्हाच वर पेरू-बोलिव्हियात पावसाळा. माचू पिक्चूला चालत जायचा इंका ट्रेल तर फेब्रुवारीत बंदच असतो. जून-जुलैत गेलात तर वर आभाळ निरभ्र, पण खाली ऐन हिवाळा. ब्युनोस आयर्सहून पॅटागोनियातलं एल कालाफाते अडीच हजार किमीच्या वर आहे हो, ते 'जमलंच तर'मध्ये बसत नाही. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर धरा आणि अर्जेंटिनाच्या उत्तरेतल्या साल्ताला येऊन थांबा, फार तर ब्युनोस आयर्स. उयुनीचे ते आरशासारखे फोटो हवे असतील तर मात्र पावसाळ्यातच जावं लागेल, आणि पाणी जास्त असलं की जीप आतल्या इंकावासी बेटापर्यंत जात नाही, तेही गृहीत धरा.

डोंगरवेडी:
सीझनबद्दल सहमत. मी उंचीबद्दल लिहिते, कारण ग्रुप तिथेच फुटतो. लिमा समुद्राकाठी आणि कुस्को ३,४०० मीटरवर, रातोरात बसने चढलात की सकाळी निम्मे लोक डोकं धरून बसलेले आणि उरलेले म्हणतात चला ना बाहेर. त्यापेक्षा किनाऱ्याने नास्का, मग आरेकिपाला (साधारण २,३०० मीटर) तीन-चार दिवस मुक्काम आणि मग कुस्को. कोकाच्या पानांचा चहा घ्या, बरं वाटतं, पण उंचीच्या त्रासावरच्या गोळ्यांचं डॉक्टरला विचारूनच निघा. ज्याला त्रास होतोय त्याच्या चालीने सगळ्यांनी चालायचं हे आधीच ठरवा, वर गेल्यावर ठरत नाही.

आणि सातव्याचं काय ते लवकर ठरवा!! उयुनी ते आटाकामा तीन दिवसांच्या जीपमध्ये ड्रायव्हर सोडून सहा जण बसतात. सात झालात की एक जण दुसऱ्या जीपमध्ये अनोळखी लोकांबरोबर. मागच्या सीटवर गुडघे हनुवटीला लागतात, त्यामुळे रोज पाळी बदला, नाहीतर लगुना कोलोरादा तळ्यावरचे फ्लेमिंगो बघायचे सोडून सीटवरून भांडाल. दुसऱ्या रात्रीचा मुक्काम ४,००० मीटरच्या वर असतो, हीटर नाही, गरम पाण्याचं तर विसराच. स्लीपिंग बॅग भाड्याने मिळते, घ्याच.

भटकाजीव:
डोंगरवेडीताईंनी सगळं लिहिलंच आहे, मी फक्त बुकिंगबद्दल. माचू पिक्चूचं तिकीट वेळ आणि मार्ग ठरवून घ्यावं लागतं, ते आणि इंका ट्रेलचं परमिट काही महिने आधी. बाकी बस वगैरे आधी बुक करून हात बांधून घेऊ नका, सहा सीट एक-दोन दिवस आधी स्टँडवर मिळतात. कारण बोलिव्हियात रास्ता रोको केव्हा होईल सांगता येत नाही. रस्त्यात दगड टाकतात, बस तिथेच थांबते, लोक सामान पाठीवर मारून पलीकडे चालत जातात आणि पलीकडची गाडी पकडतात. पुढची पाच हॉटेलं आगाऊ भरलेली असतील तर गेले ना पैसे.

व्हिसा सहाही जणांचे सारखे आहेत का ते बघा. पेरूला अमेरिकेचा व्हिसा चालतो (किमान सहा महिने बाकी असावा लागतो), पण ग्रुपमधल्या एकाकडेच तो असून काय उपयोग. ज्याचं काम सगळ्यात अवघड त्याच्यावर रूट ठरतो. आणि पिवळ्या तापाची लस निघायच्या किमान दहा दिवस आधी घ्या, कार्ड पासपोर्टबरोबर ठेवा. ते नसेल तर परत भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन करू शकतात.

पायपीट:
बापरे, लशीचं कोणाच्या डोक्यातच नव्हतं. पॅटागोनिया काढला (एक जण रुसलाय). बॉर्डर बसने कशी पार करतात? आणि पैशांचं राहिलं.

डोंगरवेडी:
पेरूतल्या पुनोहून बोलिव्हियातल्या कोपाकाबानाला जाताना बॉर्डरवर कासानीला उतरवतात. आधी पेरूचा एक्झिटचा शिक्का, मग चढावरून कमानीखालून चालत जायचं आणि बोलिव्हियाचा शिक्का, बस पलीकडे उभी. घड्याळ एक तास पुढे करा, तिथे लोक पुढची बस चुकवतात. मग ला पाझच्या वाटेवर तिकिनाला तितिकाका ओलांडताना गंमत आहे, बस लाकडी तराफ्यावर चढवतात आणि प्रवासी वेगळ्या छोट्या होडीतून, बस तिकडे डुलतेय आणि आपण इकडून बघतोय आपल्या बॅगा जातायत. सुटे पैसे हातात ठेवा, होडीचं तिकीट वेगळं, बसस्टँडचा करही वेगळा. चिलीत शिरताना फळं, बिया, मध काही असेल तर फॉर्मवर लिहा, दंड जबर असतो. कोकाची पानं तर बॉर्डरच्या अलीकडेच टाकून द्या.

वाटाड्या:
पैशांचं सोपं आहे. जीप, बस, टॅक्सी, पाणी यासाठी कॉमन काँट्री, दर देशाला खजिनदार बदलायचा. राहणं आणि जेवण ज्याचं त्याने. गरम पाणीवाला त्याच गल्लीतल्या हॉटेलात राहील, सकाळी भेटेल, जग बुडत नाही. डॉलर कोरे न्या, जरा फाटलेली नोट बोलिव्हियात कोणी घेत नाही. शाकाहारींना सांगा, दुपारच्या थाळीतलं सूप बहुतेक वेळा कोंबडीच्या पाण्यातलंच असतं. पेरूत चिफा म्हणून चायनीज हॉटेलं गल्लोगल्ली आहेत, तिथे समोर उभं राहून अंड्याशिवाय भात परतून घ्या.

पायपीट:
अंडं चालतं त्यांना. आजच विचारलं.