मदत हवी आहे: स्विफ्ट डिझेलला रीमॅप करावं का?

मंडळी, माझी 2014 ची स्विफ्ट डिझेल आहे, 1.3 लिटर, 75 पीएसवाली. गाडी जिवापाड जपली आहे, विकायची अजिबात इच्छा नाही. अडचण एकच: 2000 आरपीएमच्या खाली टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा) जागाच होत नाही. खंबाटकी घाटात चार माणसं आणि सामान असताना पुढे ट्रक आला की दुसऱ्या गिअरवर यावंच लागतं, आणि मग टर्बो एकदम झटका देतो.

एक ट्यूनर स्टेज 1 रीमॅपचे 25 हजार सांगतोय. म्हणजे ईसीयूमधला (इंजिनच्या कॉम्प्युटरमधला) डिझेलचा आणि बूस्टचा, म्हणजे टर्बोच्या हवेच्या दाबाचा, हिशेब बदलणार, नवा पार्ट एकही नाही. ताकद वाढेल हे पटतं. पण मला ती वर नको, खाली 1500 च्या आसपास हवी. टर्बो तोच राहिला तर तिथे कितीसा फरक पडणार?

ज्यांनी केलंय त्यांनी प्लीज सांगा, क्लच किती टिकला? धूर वाढून पीयूसीला त्रास झाला का? ईसीयूच्या मूळ फाइलचा बॅकअप तुमच्या हातात दिला का? इन्शुरन्स कंपनीला कळवलंत का, क्लेमच्या वेळी काय झालं? की आधी ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह), इंजेक्टर आणि टर्बोचे होज नीट तपासून घेऊ?