कोरियन विनोदातले बाई-पुरुष: कोण हसलं, कोण गप्प झालं?

कोरियन मालिकांवर आपण भरभरून बोलतो, त्यांच्या विनोदी कार्यक्रमांवर फारसं नाही. बायका-पुरुषांवरचे विनोद बघताना तुमच्याकडे काय झालं, सविस्तर लिहा.

मी विनोदी कलाकार किम सूकपासून सुरुवात करते. २०१५ मध्ये जेटीबीसी या कोरियन वाहिनीवर तिने विनोदी कलाकार यून जंग-सूबरोबर लुटुपुटूचा संसार मांडला. पुरुषाने शालीन असावं, घर नीट सांभाळावं, पैशांचं काय, मी कमावते, हे ती घरच्या कर्त्या पुरुषाच्या तोऱ्यात सांगायची. आवाज जराही न चढवता! सासूबाईंना सबटायटल्स वाचता येत नाहीत, मी सांगेन तेवढंच कळतं. तरी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. असली वाक्यं त्यांनी जन्मभर उलट बाजूने ऐकली आहेत. पुढे २०२० मध्ये केबीएस या वाहिनीचा मनोरंजनातला सर्वोच्च पुरस्कार किम सूकला मिळाला, तेव्हा त्यांनाच आधी सांगितलं.

*

सोलमध्ये नोकरीला आहे. भाषा सुधारावी म्हणून 'गॅग कॉन्सर्ट' या विनोदी स्किट्सच्या कार्यक्रमाचे जुने भाग बघतो. २०१० च्या सुमाराच्या एका स्किटमध्ये पार्क यंग-जिन 'पुरुष म्हणजे आकाश' पक्षाचा, तर किम यंग-ही ताठ मानेच्या बायकांच्या पक्षाची. बायकांनी जरा मौजमजा करायची म्हटली की हा खेकसतो, "मग गुरं कोण सांभाळणार?" प्रेक्षक खो-खो हसतात. माझ्या मते विनोद अशा पुरुषांवरच आहे. पण ऑफिसमधले चाळिशीतले सहकारी जेवताना हेच वाक्य टाकतात, तेव्हा शेजारच्या तरुण मुली ताटात बघत राहतात.

*

मी बी१ए४ या मुलांच्या पॉप बँडची चाहती. नोव्हेंबर २०१६ मध्ये ते 'एसएनएल कोरिया' या विनोदी कार्यक्रमात पाहुणे होते. पडद्यामागच्या क्लिपमध्ये महिला कलाकार त्यांना नको तिथे हात लावतात आणि ते अंग चोरतात. ही म्हणे गंमत! चाहत्या खवळल्या, कार्यक्रमाला माफी मागावी लागली. "मुलांना काय होतंय?" असं माझा भाऊ म्हणाला. त्याच्याशी कडाडून भांडले, आजही भांडेन.

*

२०२१ मध्ये 'एसएनएल कोरिया' कूपांग प्ले या ओटीटीवर परतलं, त्यातली जू ह्यन-यंगची इंटर्न पत्रकार मला बघवत नाही. आवाज कापतो, अँकरने प्रश्न विचारला की त्रेधा, शेवटी रडत पळ. नवख्या मुलीचीच टर का, हा तिथल्या अनेकांचा आक्षेप मला पटतो. माझी लेक सध्या नोकरीच्या मुलाखती देते आहे. तिला मात्र ती अगदी आपली वाटते. "आई, पुढच्या वेळी परत माईक घेऊन उभी राहते ना ती," म्हणाली.