यांत्रिकी पदवीनंतर कृत्रिम बुद्धिमत्तेत एम.टेक. करावे का?

विश्रामबागकर
नमस्कार. मी सांगलीचा असून यांत्रिकी शाखेतून बी.ई. झाल्यावर गेली तीन वर्षे कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सीएनसी (संगणक-नियंत्रित यंत्रांचा) विभाग सांभाळतो. गेल्या वर्षभरात रात्री घरी बसून पायथन आणि मशीन लर्निंगचे प्राथमिक धडे संपवले आहेत, आणि आता कृत्रिम बुद्धिमत्तेत एम.टेक. करण्याचा विचार पक्का होत चालला आहे. मात्र घरातला नियमित पगार माझा एकट्याचाच आहे, आणि तासगावजवळची वडिलांची द्राक्षबाग एक वर्ष देते तर एक वर्ष खाते. दोन वर्षे नोकरी सोडण्याइतका हा अभ्यासक्रम मोलाचा आहे का? पदवीच्या नावात ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ हे शब्द असणे आवश्यक आहे का? आणि गणित नेमके किती लागते? तिसऱ्या प्रश्नाची मला सर्वांत जास्त धास्ती आहे.

पवई_ते_पलूस
पहिली गोष्ट म्हणजे आज राजीनामा देण्याचे काहीच कारण नाही. एम.टेक.च्या प्रवेशासाठीच्या गेट परीक्षेत 2024 पासून ‘डेटा सायन्स आणि कृत्रिम बुद्धिमत्ता’ असा स्वतंत्र पेपर सुरू झाला आहे. तीन तास, 65 प्रश्न, 100 गुण. संभाव्यता व संख्याशास्त्र, रेषीय बीजगणित, कलनशास्त्र, प्रोग्रामिंग व डेटा स्ट्रक्चर्स, डेटाबेस, मशीन लर्निंग आणि कृत्रिम बुद्धिमत्ता एवढ्यावरच तो बेतलेला असल्याने, संगणक शाखेच्या जुन्या पेपरातील कंपायलर किंवा ऑपरेटिंग सिस्टिम यांत्रिकीवाल्याला शून्यापासून शिकत बसावी लागत नाही. गुण तीन वर्षे ग्राह्य धरले जातात, म्हणून नोकरी करता करता परीक्षा देऊन निकाल हातात आल्यावर निर्णय घेता येतो.

गेटच्या गुणांवर प्रवेश मिळालेल्या एम.टेक. विद्यार्थ्याला दरमहा 12,400 रुपये विद्यावेतन मिळते आणि त्या बदल्यात आठवड्याला आठ तास अध्यापन-साहाय्याचे काम करावे लागते. त्यात वसतिगृह आणि मेस निघते, घर चालत नाही, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावे.

नावाचे म्हणाल तर भारतीय विज्ञान संस्था आणि आयआयटी हैदराबाद येथे कृत्रिम बुद्धिमत्तेचेच एम.टेक. आहे, परंतु संगणकशास्त्राच्या पदवीतही हेच विषय निवडून घेता येतात. मी स्वतः तसेच केले आणि मुलाखतीत पदवीच्या नावावर कोणी अडले नाही. पहिल्या सत्रात गणिताचा सक्तीचा विषय आहे का आणि दुसऱ्या वर्षी प्रबंधाला पुरेसा वेळ राखून ठेवला आहे का, एवढे मात्र अवश्य पाहावे. ज्या अभ्यासक्रमात दोन्ही नाही, तो कितीही झगमगीत नावाचा असला तरी तयार साधने वापरण्याचा वर्गच समजावा.

खडू_फळा
गणिताविषयी मी लिहितो, कारण तेच शिकवण्यात माझी नोकरीची सारी वर्षे गेली. कंपनांच्या विषयात आपण नैसर्गिक वारंवारता काढण्यासाठी आयगेन व्हॅल्यू काढल्या असतील. तेच रेषीय बीजगणित येथे लागते, फक्त तीन-चार वस्तुमानांच्या जागी हजारो स्तंभ येतात.

पायथन बाजूला ठेवून कागदावर एक उदाहरण करून पाहा. आदान (यंत्राला दिलेला आकडा) 2, भार (ज्याने तो गुणायचा) 0.5, म्हणजे उत्तर 1 येते, आणि आपल्याला हवे आहे 3. चुकीचा वर्ग झाला 4. भाराच्या संदर्भात त्याचे विकलन केले तर −8 मिळते. लर्निंग रेटने या विकलनाला गुणून ते जुन्या भारातून वजा करायचे. हा रेट 0.1 धरला तर नवा भार 1.3, उत्तर 2.6 आणि चुकीचा वर्ग 0.16 इतका खाली येतो. हेच 0.3 धरून केले तर भार 2.9 होतो, उत्तर 5.8 येते आणि चुकीचा वर्ग 7.84 वर जातो, म्हणजे शिकण्याऐवजी यंत्र बिघडत जाते. अब्जावधी भारांच्या जाळ्यातही मूळ क्रिया हीच असते. हे हाताने करताना आपणांस कंटाळा येतो की मजा वाटते, यावरून दोन वर्षे कशी जातील ते ओळखता येईल.

बागायतदारीण
तासगावचे नाव वाचून राहवले नाही. माझा एम.टेक.चा प्रबंध द्राक्षाच्या पानांवरील रोग ओळखण्यावरच होता. प्लांटव्हिलेज हा सर्वत्र वापरला जाणारा छायाचित्रांचा संच मी उतरवून घेतला, तेव्हा कळले की द्राक्षाच्या त्यातील वर्गांत आपल्याकडे बागाईतदाराची झोप उडवणारे डाउनी आणि भुरी हे दोन्ही रोग नाहीत. शिवाय त्यातली पाने तोडून साध्या पार्श्वभूमीवर ठेवलेली असतात. शेवटी ऑक्टोबर छाटणीनंतर मी स्वतः बागेत फिरून छायाचित्रे काढली.

प्रयोगशाळेत अचूकता 97 टक्के आली आणि मी पेढे वाटले. नंतर शेजारच्या गावातील बागेत तेच मॉडेल नेले, तर बोर्डोच्या (मोरचूद-चुन्याच्या मिश्रणाच्या) फवारणीचे पांढरट-निळे डाग त्याने सरसकट भुरी म्हणून दाखवले. चूक माझीच होती. एकाच वेलीची छायाचित्रे मी शिकवण्याच्या आणि तपासण्याच्या अशा दोन्ही गटांत टाकली होती, त्यामुळे मॉडेलला रोग नव्हे तर माझी बाग पाठ झाली होती. प्लॉटनिहाय विभागणी केल्यावर आकडा बराच घसरला, आणि मार्गदर्शक म्हणाले की आता लिहायला सुरुवात करा. घरी बसून धडे पाहताना ही चूक मला कोणी दाखवली नसती. माझ्या लेखी पदवीचे मोल तेवढ्यात आहे.

विश्रामबागकर
सर्वांचे आभार. येत्या वर्षी नोकरीत राहूनच गेट देईन, आणि बागायतदारीण ताईंना छाटणीनंतर आमच्या बागेची छायाचित्रे हवी असल्यास अवश्य पाठवीन. खडू_फळा सर, आपले उदाहरण रात्रपाळीच्या डब्याच्या सुट्टीत केले. लर्निंग रेट सहज 0.25 घेऊन पाहिला, तर भार 2.5 होतो, चुकीचा वर्ग पुन्हा 4 च राहतो आणि पुढच्या पायरीला भार परत 0.5 वर येतो. अवमंदन नसलेल्या स्प्रिंगसारखे ते दोन टोकांमध्ये हेलकावत राहते. माझे काही चुकले का?

खडू_फळा
काही चुकले नाही. या उदाहरणात लर्निंग रेटची सीमा 0.25 हीच आहे. आता 0.125 घेऊन पाहा.