अनुदान घेणाऱ्या ट्रस्टचा हिशेब मागायचा कुणाकडे?

मंडळी, नमस्कार.
परदेशातलं आपलं मंडळ दरवर्षी भारतातल्या ज्या ट्रस्टला मदत पाठवतं, त्यांच्याकडे या वेळी खर्चाचा तपशील मागितला. केंद्र सरकारचं अनुदानही त्यांना मिळतं, तेव्हा कागद तयारच असणार अशी माझी समजूत. उत्तर आलं: "उपयोगिता प्रमाणपत्र मंत्रालयाला दिलेलं आहे." (म्हणजे अनुदान ठरल्या कामावर खर्च केल्याचा दाखला.) सोबत एक पान, स्कॅन करून. यावर समाधान मानायचं का?
– सहसचिव

> यावर समाधान मानायचं का?

छे! निवृत्त होईपर्यंत मी अशाच संस्थांची ऑडिटं केली. ते पान काढून बघा. जीएफआर २०१७ (केंद्र सरकारचे सर्वसाधारण वित्तीय नियम) मधला नमुना १२-अ असणार: आधीची शिल्लक, आलेलं अनुदान, व्याज, खर्च, उरलेली शिल्लक. मी आधी व्याजाचा रकाना बघायचो. अनुदान येतं वर्ष संपता संपता, बँकेत महिनोन्महिने पडून राहतं, आणि व्याजासमोर शून्य! हे व्याज भारताच्या एकत्रित निधीत, म्हणजे केंद्र सरकारच्या तिजोरीत, परत भरायचं असतं, हे कित्येक खजिनदारांच्या गावीही नसतं.

दुसरी गोष्ट बिलांची. एकाच कपाटाचं बिल काही संस्था सरकारी अनुदानातही दाखवतात आणि देणगीदारालाही. म्हणून मूळ बिलावर 'अमुक निधीतून अदा' असा शिक्का आहे का, ते बघायचं. झेरॉक्सवर विश्वास ठेवायचा नाही. उपयोगिता प्रमाणपत्रात बिलांचं हे काहीच कळत नाही.


– एक जुना सभासद

काका, मग ट्रस्टलाच माहितीच्या अधिकारात अर्ज टाकू या ना? पण ते म्हणतील, आम्ही खासगी संस्था.
– सहसचिव

ताई, म्हणतीलच, आणि त्यावर वर्षानुवर्षं भांडता येतं. कायद्यात शब्द आहेत 'सबस्टॅन्शियली फायनान्स्ड', म्हणजे बऱ्याच अंशी सरकारी पैशावर चालणारी; तशी खासगी संस्थाही या कायद्याखाली येते. २०१३ साली केरळमधल्या सहकारी बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या शब्दांचा अर्थ बराच आवळला. पुढे २०१९ मध्ये डीएव्ही कॉलेज ट्रस्टच्या निकालात म्हटलं की सरकारी पैसा निम्म्याहून जास्त असलाच पाहिजे असं नाही. शहरातली जमीन फुकट किंवा नाममात्र दरात मिळाली असेल तर तीही त्यात धरता येते. तेव्हा आपली बाजू लंगडी नाही.

पण या भानगडीत पडायचंच कशाला? अनुदान देणाऱ्या मंत्रालयाला विचारा. ते सार्वजनिक प्राधिकरण, म्हणजे माहिती देणं बंधनकारक असलेलं कार्यालय, आहे यावर वादच नाही. शिवाय खासगी संस्थेची जी माहिती सरकारी कार्यालय कायद्याने मागवू शकतं, तीही कलम २(च) नुसार मागता येते. मंजुरीचा आदेश, प्रमाणपत्र, सोबतचे लेखापरीक्षित हिशेब, व्याज भरल्याचा पुरावा, एवढंच मागा. 'सगळी माहिती द्या' असा अर्ज केलात तर हाती काही लागत नाही.

खरी मेख कलम ३ मध्ये आहे: हा हक्क फक्त भारतीय नागरिकांचा. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर भागत नाही. भारतीय पासपोर्ट ठेवलेल्यांना दहा रुपयांची फी टपाल खात्याच्या ई-आयपीओने (ऑनलाइन पोस्टल ऑर्डरने) परदेशातून भरता येते.
– मंडळाच्या ई-मेल यादीवरचा वकील

म्हणजे कार्यकारिणीतले आम्ही पाचही जण बाद! भारतीय पासपोर्ट अजून कुणाकडे आहे?
– सहसचिव

माझ्याकडे आहे. मसुदा पाठवा, मी सही करतो. काका, व्याजाचा मुद्दा पहिला घालू का?
– नवा सभासद

घाल. आणि अनुदान कोणत्या तारखेला खात्यात जमा झालं, तेही विचार.
– काका