मंकडिंगवर आउट दिला आणि मग मीच परत बोलावला, आता काय करू?

मंडळी जरा मदत हवीये. रविवारी सोसायटीच्या टेनिस बॉल टुर्नामेंटला अंपायर मी होतो (दुसरं कोणी तयारच नव्हतं). लास्ट ओव्हर, सात रन हवेत आणि नॉनस्ट्रायकर दर बॉलला, बॉल सुटायच्या आधीच क्रीज सोडून चार पावलं पुढे (अशाला बॉलरने रनआउट करणं म्हणजेच मंकडिंग). बॉलिंगला आमच्या विंगमधली बारा वर्षांची पोरगी, ती हात वर न्यायच्या आधीच थांबली आणि शांतपणे स्टंप उडवले, त्यामुळे ऑस्ट्रेलियाच्या बॉलर झॅम्पासारखा, हात फिरून गेल्यावर स्टंप उडवले म्हणून नॉटआउट, असा घोळ पण नाही. अपील झालं, मी बोट वर केलं.

झालं! सगळे काकालोक खुर्च्या सोडून मैदानात. वॉर्निंग तरी द्यायची, हे काय क्रिकेट आहे का वगैरे. शेवटी मीच तिच्या कॅप्टनला म्हटलं जाऊदे रे, अपील मागे घे. बॅट्समन तोवर बाहेर जाऊन पाणी पीत बसलेला, त्याला उठवून आणला आणि त्यानेच विनिंग फोर मारला. पोरगी विचारते, काका, दीप्ती शर्माने लॉर्ड्सवर इंग्लंडच्या चार्ली डीनला असंच काढलं ते चालतं, मग माझंच चीटिंग का? मी गप्प.

घरी येऊन नियम वाचले तर वॉर्निंग द्यायलाच हवी असं कुठेच नाही, आणि ऑक्टोबर २०२२ पासून एमसीसीने (क्रिकेटचे नियम बनवणारा क्लब) हे अनफेअर प्लेमधून काढून साध्या रनआउटमध्ये टाकलंय. १९४७ला सिडनीत विनू मंकडने ऑस्ट्रेलियाच्या बिल ब्राउनला असाच काढला तेव्हा ब्रॅडमनसुद्धा मंकडच्या बाजूने बोलला होता, तरी नाव चिकटलं मंकडलाच. काकालोक ग्रुपवर १९८०च्या वानखेडे टेस्टचा दाखला देतायत, आपला कॅप्टन विश्वनाथने इंग्लंडच्या बॉब टेलरला परत बोलावलं, मग त्याची बोथमबरोबर १७१ची पार्टनरशिप झाली आणि आपण हरलो. पण तिथे कॅच आउट दिला होता आणि बॅट लागलीच नव्हती म्हणून बोलावलं ना, इथे हा पठ्ठ्या खरोखर क्रीजबाहेर होता!

तर जाणकारांनी सांगा, बॅट्समन मैदानाबाहेर गेल्यावर अपील मागे घेता येतं का? माझ्या वाचण्यात २०१७ आधीच्या नियमांत येत नव्हतं असं आहे, पण मग २०११ला ट्रेंट ब्रिजवर इंग्लंडचा इयान बेल रनआउट होऊन टी ब्रेकनंतर परत कसा आला? आणि अंपायरने स्वतःहून कॅप्टनला असं सुचवणं बरोबर का?

पुढच्या रविवारी फायनल आहे, टॉसच्या आधी दोन्ही कॅप्टनना काय सांगून ठेवू ते पण सुचवा. त्या पोरीला सॉरी म्हणायचंय ते मी माझं बघतो.