मदत हवी आहे : उद्या माथेरान, एका दिवसात

मैत्रिणीचा आत्ता फोन आला, "उद्या माथेरानला जाऊया का?" मी हो म्हणून बसले. दोघी डोंबिवलीच्या. सकाळी पहिली मिळेल ती कर्जत लोकल पकडून नेरळला उतरायचं, एवढंच ठरलंय.

पावसाळ्यात नेरळहून वर जाणारी मिनी ट्रेन बंद असते, हे माहीत आहे. म्हणजे शेअर टॅक्सीने दस्तुरीपर्यंत, कारण पुढे गाड्यांना बंदीच. तिथून अमन लॉज स्टेशन ते माथेरान ही छोटी शटल ट्रेन (ती पावसाळ्यातही चालते) घ्यावी का? शनिवारी तिकिटाच्या रांगेत तासभर जाणार असेल, तर रुळांच्या कडेने चालत गेलेलं बरं नाही का? मैत्रिणीचा गुडघा थोडा कुरकुरतो, घोड्यावर मात्र ती बसणार नाही. (मीही नाही, लाल चिखलात घोडा घसरताना पाहिलाय.)

शार्लोट लेक आणि इको पॉइंट नक्की. त्यात लुईझा पॉइंटही बसेल का, की धुक्यात काही दिसतच नाही? आणि सगळ्यात महत्त्वाचं : परतताना दस्तुरीहून शेअर टॅक्सी साधारण किती वाजेपर्यंत मिळतात? घरी अंधाराआधी यायचं कबूल केलंय.

नुकतंच कोणी जाऊन आलं असेल तर आज रात्रीच सांगा, प्लीज.