रोज खिशात बाळगण्यासाठी ओपिनेल की व्हिक्टोरिनॉक्स?

प्रश्न: आंब्याच्या पेट्या बांधताना सुतळी कापण्यासाठी आणि एरवी फळे चिरण्यासाठी घडीचा मजबूत चाकू घ्यायचा आहे. ओपिनेलचा ८ क्रमांकाचा कार्बन पोलादी चाकू आणि व्हिक्टोरिनॉक्सचा पायोनियर यांपैकी कोणता घ्यावा? मी कोकणात राहतो.

उत्तर १: ओपिनेलचे सुमारे साडेआठ सेंटिमीटरचे पातळ पाते फळे अप्रतिम चिरते, कार्बन पोलादाला धारही चटकन लागते, आणि १९५५ पासूनचे फिरते कडे उघडे पाते जागच्या जागी पक्के धरून ठेवते. मात्र आंबट रसाने पाते काळवंडते, ते ओले राहिल्यास गंजते, आणि पावसाळ्यात लाकडी मूठ फुगून पाते उघडणे कठीण होते. म्हणून कोकणात घ्यायचाच असेल, तर याच चाकूचा स्टेनलेस प्रकार घ्यावा.

उत्तर २: माझे मत पायोनियरच्या बाजूने आहे, कारण त्याची ॲल्युमिनियमची मूठ दमट हवेत फुगत नाही आणि स्टेनलेस पात्याला फारशी निगा लागत नाही. त्याच्या पात्याला कुलूप नसते, त्यामुळे टोकाने भोसकण्याचे काम त्याच्याकडून कधीही करून घेऊ नये. सुतळी कापताना ही उणीव जाणवत नाही. विमानप्रवासात मात्र कोणताही चाकू हातातील सामानात ठेवू नका.